रिपोर्टचा आकडा पाठव

चोपडा, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू लॅबमध्ये चक्कर येऊन पडलीस, हे आम्हाला तुझ्याकडून नाही, दादाकडून कळलं. फोनवर तू "काही नाही आप्पा, उपाशी होते" एवढंच म्हणालीस आणि यीस्टचं सांगत बसलीस. मोठी आईसुद्धा "काही नाही"च म्हणायची.

असो. त्यावर लिहायचं नाही असं ठरवलंय. तुझं काम मी जिभाऊंना समजावून सांगितलं. यीस्ट ग्लुकोज खातं, पण पऱ्हाटीतल्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडातल्या, झायलोज साखरेला तोंड लावत नाही. तुमच्या नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्याच लोकांनी 2003 साली हत्तीच्या लिदेतल्या बुरशीचं, झायलोज पचवायला मदत करणारं एन्झाइम यीस्टमध्ये चालवून दाखवलं. ते मंद चालतं, म्हणून तू त्यातली अमिनो आम्लं बदलून बघतेस. जिभाऊ म्हणाले, "म्हणजे पऱ्हाट्यांचं पेट्रोल?" मी म्हटलं, पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल. आज ते ऊस, मका, तांदळापासून करतात. आपण बोंडअळीच्या भीतीने उपटून बांधावर जाळतो, त्यापासूनही होईल. सांगताना ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू?

तू अकरावीत होतीस. मजूर मिळेना, म्हणून पऱ्हाट्या उपटायचा चिमटा तूच घेतलास. दोन्ही तळव्यांना फोड आले, पण बोलली नाहीस. रात्री तुला भाकरी मोडता येईना, तेव्हा आईने हात उलटा करून पाहिला. तेव्हापासून तुझ्या "बरं आहे"वर माझा विश्वास नाही.

दर चार तासांनी सॅम्पल काढावं लागतं, मान्य. पण रात्रीचं एखादं दुसऱ्या कुणाला काढू दे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस. सकाळी नुसत्या कॉफीवर बाहेर पडू नकोस. एन्झाइमचा वेग महिनाभर उशिरा वाढला तरी चालेल, पण तू...

बघ, पुन्हा सुरू झालो. रागावू नको माय. इतक्या लांब एकटीने उभी राहिलीस, तुला शिकवणारा मी कोण? पण रात्री दोनला जाग येते आणि तिकडे किती वाजले असतील ते मोजत पडतो.

आईने कळण्याचं पीठ आणि बिबड्या बांधून ठेवल्यात, दादा पार्सल करेल. रक्त तपासून घे. रिपोर्ट आला की हिमोग्लोबिनचा आकडा पाठव, नुसतं "नॉर्मल आहे" लिहू नकोस.

तुझे,
आप्पा