पिशवी कुठे कुजणार, तेही ठरवा : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

वाशीच्या बाजारात भाजीबरोबर मिळणारी 'कंपोस्टेबल', म्हणजे कंपोस्ट खतात कुजणारी, पिशवी बनवणाऱ्यांपैकी मी एक. तुर्भ्याच्या एमआयडीसीत पिशव्यांसाठी लागणारी पातळ प्लास्टिक फिल्म बनवणारं माझं छोटं युनिट आहे. म्हणजे या पत्रात माझा स्वार्थ आहेच.

ही पिशवी ज्या कच्च्या दाण्यापासून बनते, त्यात मुख्यतः पीएलए आणि पीबीएटी ही दोन कुजणारी प्लास्टिकं असतात. पीएलए मका-उसापासून बनतं, पण ठिसूळ. ते लवचिक व्हावं म्हणून घातलेलं पीबीएटी बहुतेक खनिज तेलातूनच येतं. त्यात पीएलए नीट कुजायला ५८-६० अंशांचं गरम कंपोस्ट लागतं. फेकलेली पिशवी ठाणे खाडीच्या गाळात जाऊन पडली, तर तिथे ती ऊब कुठली? २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला खरा, पण पिशवीवर काय छापलंय ते फ्लेमिंगो वाचत नाहीत.

यावर वनस्पतींतून मिळणाऱ्या पदार्थांचा उपयोग होऊ शकतो. काजूच्या टरफलाच्या तेलातून कार्डॅनॉल नावाचं तेलकट रसायन निघतं. त्यापासून केलेले पदार्थ पीएलएला मऊपणा देतात. काजू तर आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा. स्टार्च मिसळला की फिल्ममध्ये पाणी शिरतं आणि जिवाणूंना वाट मिळते. मात्र आपल्या पावसाळ्यात तीच फिल्म चिकट आणि लेचीपेची होते. भाताचा तूस स्वस्त आहे, पण त्यातली वाळूसारखी कठीण सिलिका मशीनचा स्क्रू घासून काढते आणि पातळ फिल्मला भोकं पाडते. ट्रे-ताटल्यांना तो चालेल, पिशवीला नको.

यातली मेख अशी की तुकडे लवकर पडले म्हणजे पिशवी कुजली असं होत नाही. आयएसओ १७०८८ मानकात म्हणूनच दोन वेगळ्या कसोट्या आहेत : १२ आठवड्यांत तुकडे होणं, आणि १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइड होणं. मिश्रण बदललं की हे सगळं नव्याने तपासायला हवं. आमच्यासारख्यांना तो खर्च आणि तेवढे महिने झेपत नाहीत, म्हणून जुनाच दाणा चालू राहतो.

तेव्हा तुर्भ्याच्या कचरा प्रकल्पाशेजारी लघुउद्योगांसाठी एक सामाईक चाचणी केंद्र उभारावं. तिथे गरम कंपोस्टसोबत खाडीच्या गाळातली चाचणीही व्हावी आणि दोन्हींचे निकाल पिशवीवर वेगवेगळे छापणं सक्तीचं करावं. गाळात नापास झालेल्या मालावर तसं स्पष्ट लिहावं लागलं तरी चालेल, मग तो माल माझा का असेना.

आपला,
तुर्भे येथील एक लघुउद्योजक