हौसेनं हरणं कमी होत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत 'हरणांच्या शिकारीचे परवाने द्या' अशा आशयाचं पत्र वाचलं. पत्रलेखकांचं म्हणणं थोडक्यात असं: सांगली-साताऱ्याकडं चितळं आणि सांबरं पिकात घुसतात, शेतकरी मेटाकुटीला आलाय. स्कॉटलंडमध्ये हौशी लोक पैसे मोजून हरणं मारतात, त्यामुळं संख्याही आटोक्यात राहते आणि गावाला चार पैसेही मिळतात. मग आपल्याकडंच सोवळं कशाला?

शेतकऱ्याबद्दल ते म्हणतात त्याच्याशी माझं भांडण नाही. माझी सासुरवाडी पलूस तालुक्यात आहे. सागरेश्वर अभयारण्याच्या कुंपणाबाहेर पडलेल्या हरणांनी एका रात्रीत हरभऱ्याचं काय केलं होतं, ते मी बांधावर उभं राहून पाहिलंय. स्कॉटलंड मात्र त्यांनी उलटं वाचलंय, आणि ते मी तिथं जाऊन बघितलंय म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी माझ्याविषयी, म्हणजे हा कुणी हळवा शहरी माणूस लिहितोय असा समज व्हायला नको. मी पशुवैद्यक. आता निवृत्त. नोकरीतली बरीच वर्षं देवनारच्या कत्तलखान्यात मांस तपासण्यात गेली. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातला आमचा एक वर्गमित्र इन्व्हरनेसला स्थायिक झालाय. मी आणि आमचा नाशिकचा तिसरा दोस्त एका नोव्हेंबरात त्याच्याकडं उतरलो होतो, तेव्हा त्यानं आम्हाला एक दिवस डोंगरावर नेलं. रायफल आणि परवाना त्याचा. आम्ही दोघं नुसते शेपटासारखे मागं.

शिकार म्हटलं की आपल्या मनात मचाण येतं, हाका येतो, नाहीतर रात्री जीपमधून मारलेला झोत. तिथं यातलं काहीच नाही, आणि अंधारात मारायला तर कायद्यानंच बंदी, खास परवानगी असल्याशिवाय. मोनालिया डोंगरांतली एक खासगी जमीन होती. नोव्हेंबरात तिथं आठला उजाडतं आणि चारच्या आत दिवस बुडतो. निघण्यापूर्वी मित्राला कागदी निशाणावर एक गोळी झाडून दाखवावी लागली. तो दरवर्षी जातो, रायफल त्याची स्वतःची, तरी स्टॉकर चालत जाऊन भोक कुठं पडलंय ते बघून आला आणि मगच निघाला. स्टॉकर म्हणजे त्या जमिनीवरचा पगारी माणूस. हरणं मोजणं, हेरणं, मारणं आणि त्याचा हिशेब ठेवणं, ही त्याची नोकरी. रायफल खोळीत घालून तोच वागवतो. पाहुण्याच्या हातात ती अगदी शेवटच्या घटकेला येते.

आठ चाकांची उघडी गाडी चढली तिथवर गेलो, पुढं पायी. झाड औषधालाही नाही. हेदरची तपकिरी खुरटी झुडपं, मधेच काळा पाणथळ पीट, म्हणजे कुजक्या पाल्याचा चिखल, त्यात पाय गेला की पोटरीपर्यंत. समोरच्या उतारावर स्टॉकरला माद्यांचा कळप दिसला. आम्हा दोघांना दुर्बीण डोळ्याला लावून दिली, बोट करून दाखवलं, तरी दिसेना. वारं कळपाकडून आमच्याकडं यायला हवं म्हणून सगळा डोंगर मागून वळसा घालून चढलो. मग ओढ्याच्या घळीतून वाकून आणि शेवटी पोटावर. गार पाणी मनगटाशी बाहीत शिरतं आणि निवांत कमरेपर्यंत येतं. कळपातली एक वयस्क मादी चरता चरता सारखी मान वर करत होती. तिनं आमच्या बाजूला तोंड केलं की आम्ही आहोत तसे, नाक गवतात. एवढं करून वारं फिरलं. भुंकल्यासारखा एक आवाज आला आणि अख्खा कळप धारेपलीकडं. सकाळची सगळी मेहनत पाण्यात. नाशिककरानं तिथंच डबा उघडला.

दुपारी दुसरा कळप सापडला. स्टॉकरनं एक म्हातारी मादी हेरली, पाठीचा कणा वर आलेली, पिल्लू नसलेली. मित्र पुटपुटला, "शेजारची अंगानं भरलेली आहे." स्टॉकर म्हणाला, "तिच्यामागं पाडस आहे. तिला मारलीस तर तेही मारावं लागेल. ते एकटं हिवाळा काढणार नाही." मग ती म्हातारी आडवी उभी राहीपर्यंत वाट बघणं. मागं डोंगराचा उतार होता, म्हणजे गोळी आरपार गेली तरी मातीत जाणार. एकच बार झाला. ती थोडी पळाली आणि पडली.

त्यापुढचं माझ्या धंद्यातलं. स्टॉकरनं जागेवरच पोट उघडलं. अन्ननलिकेला आधी गाठ मारली, आतडं कुठं फुटू दिलं नाही. जठरातली घाण मांसाला लागली की ते वाया जातं. मग आतड्याच्या पडद्यातल्या लसिकाग्रंथी बोटांनी चाचपल्या, काळीज उलटून पाहिलं, फुप्फुसं पाहिली. क्षयाच्या गाठी, यकृतातले कृमी, म्हणजे नेमकं तेच जे मी देवनारला पाहत आलो. याचं त्याला रीतसर प्रशिक्षण असतं. जनावर मारण्याआधी नीट वागत होतं आणि आत काही वावगं दिसलं नाही, असं त्याला स्वतःच्या जबाबदारीवर लिहून द्यावं लागतं. कोथळा तिथंच ठेवला. तो गरुड, डोमकावळे, कोल्हे खातात, म्हणून गोळी विषारी शिशाची न वापरता तांब्याची वापरली होती. खाली आणल्यावर शीतगृहात वजन झालं, चव्वेचाळीस किलो, आणि वहीत नोंद झाली: तारीख, जागा, नर की मादी, वय अंदाजे, वजन, मारलं कुणी. मांसाचं तापमान सात अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही. आपल्याकडच्या किती मटणाच्या दुकानांत एवढी काळजी घेतात, ते मी इथं लिहीत नाही.

ती वही मी मागून घेतली आणि चाळली. पत्रलेखकांना उत्तर तिथंच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पानांवर नर, आणि 'कुणी' या रकान्यात पाहुण्यांची नावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या पानांवर माद्या, आणि त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी स्टॉकरचं स्वतःचं नाव. आमच्या मित्रासारखा एखादाच अपवाद, तोही तिथला शेजारी म्हणून.

कारण उघड आहे. पैसे मोजून येणाऱ्याला शिंगं हवी असतात, भिंतीवर लावायला. लाल हरणाच्या मादीला शिंगं नसतात. आणि संख्या ठरते ती माद्यांवर. माजाच्या दिवसांत एक नर दहा-वीस माद्या राखून असतो. निम्मे नर मारा, उरलेले निम्मे काम भागवतात, पुढच्या जूनमध्ये पाडसं तेवढीच. हे कुठल्याही गवळ्याला कळतं. संख्या उतरवायची तर माद्या मारायच्या. त्यांचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, म्हणजे बर्फात, गारांत, दिवस सात-आठ तासांचा असताना. त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. ते काम पगारी माणूस करतो. मादीच्या मटणातून माझा पगारही सुटत नाही, असं तो स्टॉकर हसत हसत म्हणाला.

उलट हौसेनंच तिथली हरणं वाढवली. लांडगा तिथून केव्हाच नामशेष झालेला. १८५२ साली बालमोराल ही तिथली जहागीर राणी व्हिक्टोरियाच्या घराण्याकडं आली आणि डोंगरातली शिकार ही श्रीमंतांची फॅशन झाली. पाहुण्यांना शिंगवाले नर हमखास दिसावेत म्हणून जमीनदार हरणं राखू लागले, हिवाळ्यात चाराही घालू लागले. आज तिथं आढळणाऱ्या चारही जातींची मिळून स्कॉटलंडमध्ये सुमारे दहा लाख हरणं असावीत असा सरकारी अंदाज आहे. १९९० च्या सुमारास ती पाच लाख होती. पाइनचं रोप गुडघ्याला लागायच्या आत खाल्लं जातं. झाड औषधालाही नाही असं मी वर लिहिलं, त्याचं एक मोठं कारण हे (दुसरं मेंढ्या). शेवटी २०२३ साली तिथल्या सरकारनं नरांचा बंद हंगाम, म्हणजे शिकारीला मनाई असलेला काळच उठवला. शतकाहून अधिक काळ पैसे घेऊन शिकार चालली असताना ही वेळ आली, हे पत्रलेखकांनी ध्यानात घ्यावं.

ग्लेनफेशी नावाच्या खोऱ्यात मात्र पाइन पुन्हा आपोआप उगवताहेत. त्यासाठी तिथं वर्षानुवर्षं मोठ्या संख्येनं हरणं मारावी लागली. २००४ मध्ये सरकारी यंत्रणेनं हेलिकॉप्टर लावून ते काम केलं, तेव्हा ओरड कुणी केली? प्राणिमित्रांनी केली असेलच, पण रस्त्यावर उतरले ते शिकारीवर पोट असणारे. हरणं कमी झाली तर गिऱ्हाईक कसं येणार? शेतकऱ्याला हरणं कमी हवी असतात आणि परवान्याची फी घेणाऱ्याला जास्त. एकाच खात्यानं दोघांना खूश ठेवायचं म्हटलं तर कोण जिंकतं, ते आपल्याला माहीत आहे.

आता आपल्याकडं या. स्कॉटलंडचा बंद हंगाम ठरतो तो त्या हरणाच्या वेळापत्रकावर: माज ऑक्टोबरच्या आसपास, पाडसं जूनमध्ये. चितळाला असं वेळापत्रक नाही. बाराही महिने कुठल्या ना कुठल्या मादीच्या पोटात किंवा झुडपात पाडस असतं. मग हंगाम कुठला बंद ठेवणार? आणि ते पाडस शोधून मारायची तयारी आपल्या हौशी शिकाऱ्याची आहे का? दुसरं, गोळीच्या मागं डोंगर लागतो. पलूस-कडेगावात हरीण दिसतं ते उसाच्या कडेला. पलीकडं ऊसतोडीची टोळी आहे, कुणी पाणी पाजतंय, पोरं शाळेतून येताहेत. रायफलची गोळी नेम चुकल्यावर थांबत नाही. तिसरं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मारलेलं रानटी जनावर सरकारी मालमत्ता ठरतं. मटण विकता येत नाही, तेव्हा गावाच्या उत्पन्नाचं फक्त स्वप्न राहतं.

मी बोरिवली पूर्वेला राहतो. राष्ट्रीय उद्यान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एकशेचार चौरस किलोमीटरचं हे जंगल, भोवती मुंबई आणि ठाणं, आत चितळ, सांबर, भेकर सगळं आहे. इथं हरणं फार झाली म्हणून परवाने द्या, असं पत्र आपल्याकडं आलं नसणार. कारण आत बिबट्या आहे. त्याला शिंगांचं कौतुक नाही. मादी, पाडस, लंगडा नर, हाती येईल ते तो घेतो, पावसाळ्यातही घेतो आणि फी मागत नाही. (आमच्या सोसायटीतली भटकी कुत्रीही त्यानं कमी केली. त्यावर सोसायटीत दोन तट आहेत, तो विषय वेगळा.)

सागरेश्वरचं दुखणं वेगळं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य. कुंपणाच्या आत हरणं वाढली, जागा वाढली नाही. तिथली हरणं पकडून चांदोलीच्या जंगलात न्यायचं काम सुरू झालं आहे. तिथं खाणारे आहेत आणि त्यांना भक्ष्य कमी पडतं. हे काम खर्चिक आहे, चितळ घाबरट असतं, पकडताना धसक्यानं मरतं. पशुवैद्यक म्हणून सांगतो, बेशुद्ध करून एकेक पकडण्यापेक्षा चाऱ्याची सवय लावून कुंपणात घ्यायचं आणि तिथूनच गाडीत चढवायचं, हे बरं. यासाठी गाड्या हव्यात, माणसं हवीत, डॉक्टर हवेत. त्यासाठी पत्रलेखकांनी लेखणी झिजवली असती तर मी खाली सही केली असती.

आणि तोवर नुकसानभरपाई. योजना कागदावर आहे, पंचनाम्याची तरतूदही आहे. माझ्या मेहुण्यानं हरभऱ्याचा अर्ज केला. पंचनाम्याला माणूस आला तोवर शेत नांगरून झालं होतं. 'नुकसान दिसत नाही' असा शेरा पडला. शेतकऱ्याच्या नावानं बंदुकीचे परवाने मागण्याआधी अर्ज आल्यापासून तीन दिवसांत पंचनामा झालाच पाहिजे, नाहीतर अर्जातला आकडा ग्राह्य धरावा, एवढा एक नियम सरकारनं करावा. त्याला ना कायदा बदलावा लागतो, ना स्कॉटलंडला जावं लागतं.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक
बोरिवली (पूर्व), मुंबई