सई, सही करण्याआधी तारा ऐक

कोल्हापूर,
रविवार सकाळ

प्रिय सई,

काल तुझा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो. त्या गलक्यात मला एवढंच कळलं की गिटारच्या तारांच्या कुठल्यातरी कंपनीने तुला विचारलंय आणि तू भलतीच खुशीत आहेस. घरी येऊन तू पाठवलेला करार वाचला, रात्री जेवण झाल्यावर परत वाचला. फोनवर माझं अर्धं बोलणं राहून जातं, म्हणून लिहायला बसलोय. आई म्हणाली, आधी अभिनंदन लिहा. तर आधी अभिनंदन, बाळा, अगदी मनापासून. अकरावीत असताना तू माझी जुनी बेस गिटार माळ्यावरून खाली काढलीस, माझ्या ॲम्पला जोडलीस आणि सगळ्यात जाड तार छेडलीस. खिडकीची काच थरथरली आणि तू माझ्याकडे बघून हसलीस. त्या पोरीला आज कुणीतरी 'आमच्या तारा वाजव' म्हणतंय, याचा मला किती अभिमान वाटतो ते कागदावर लिहिता येत नाही.

आता तारांचं बोलू.

आम्ही ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा, म्हणजे १९८६-८७ च्या सुमाराला, बेसच्या तारा इथे मिळायच्या नाहीत. मुंबईला जाणाऱ्या कुणाकडे तरी पैसे द्यायचे आणि वाट बघायची. परदेशी सेट घ्यायचा तर माझ्या चार कार्यक्रमांचं मानधन जायचं. त्यामुळे तारा बदलायच्या नाहीत, उकळायच्या. आजीचं एक जर्मनचं पातेलं होतं, कडेला पोचा आलेलं. तारा काढून वेटोळी करून त्यात सोडायच्या आणि दहा मिनिटं खळखळ उकळू द्यायच्या. पाणी काळपट व्हायचं, वर तेलकट तवंग यायचा. जत्रेची धूळ, हाताचा घाम, बोटांच्या कातडीचा भुगा, सगळं त्या पाण्यात उतरायचं. मग पंच्याने पुसून तारा गच्चीत उन्हाला टाकायच्या. त्या रात्री गिटार पुन्हा बोलायची. तीन-चार कार्यक्रम बोलायची आणि परत मुकी व्हायची. आजीने ते पातेलं शेवटी माझ्याच नावावर केलं, स्वयंपाकात परत घेतलं नाही.

हे सांगण्याचं कारण असं की तार मुकी होते म्हणजे काय होतं, ते मी त्या पातेल्यात डोळ्यांनी बघितलंय. पोलादी गाभ्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली असते. त्या वेढ्यांच्या फटीत मळ बसतो, तारेचं वजन जागोजागी कमी-जास्त होतं. मूळ सूर तोच राहतो, त्याच्या वरचे बारीक सूर मात्र मरतात. तुझ्या चौथ्या तारेचा 'ई' सेकंदाला ४१ वेळा थरथरतो आणि पाचव्या तारेचा 'बी' जेमतेम ३१ वेळा. इतक्या खालचा सूर छोट्या स्पीकरमधून नीट येतच नाही. ऐकणाऱ्याच्या कानाला तो सूर कळतो तो वरच्या बारीक सुरांमुळेच. म्हणून पुण्यातल्या त्या छोट्या हॉलमध्ये तुझा बेस चिखलासारखा ऐकू येत होता. तू ॲम्पला दोष देत होतीस, पण तारा पाच महिन्यांच्या होत्या.

कंपनी तुला फक्त स्टेनलेस स्टीलचा राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेला, सेट देतेय. आत्ता तू निकेलचा मुलामा असलेल्या तारा लावतेस. दोन्हींत फरक आहे आणि तो ऐकल्याशिवाय ठरवू नकोस. स्टेनलेस जास्त झगझगीत वाजतं. घाम खूप येणाऱ्या हाताला ते बरं, लवकर गंजत नाही. पण त्याचा धातू कडक असतो, तो फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या, लवकर खातो. बोटाखाली खरखरीत लागतं आणि हात सरकवताना 'सर्र' असा आवाज येतो. तू बोटांनी वाजवतेस, हलक्या हाताने, आणि तुझे सरकते सूर हीच तुझी ओळख आहे. मला आतून वाटतं की तुझ्या हाताला निकेलच शोभतं. पण तुमच्या बँडमध्ये दोन गिटारी कर्कश वाजतात, त्यांतून वर यायला स्टेनलेस उपयोगी पडेलही. घरी एकटीने वाजवताना जी तार कानाला बोचते तीच पूर्ण बँडमध्ये छान बसते, हे मी पुष्कळदा अनुभवलंय. तेव्हा खोलीत बसून निर्णय घेऊ नकोस, तालमीत घे.

एका गोष्टीची मला नेहमी गंमत वाटते. लिओ फेंडरने १९५१ साली बेस गिटार बाजारात आणली. तिला सुरुवातीला उभ्या डबल बेससारख्याच सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा असायच्या, ज्यांना आपण फ्लॅटवाउंड म्हणतो. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत जेम्स जेमर्सन फेंडरच्याच १९६२ च्या प्रिसिजन बेसवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड वाजवायचा आणि तुटेपर्यंत बदलायचा नाही. त्याला तो बसका, गोल ठोकाच हवा होता. तिकडे इंग्लंडमध्ये 'द हू' बँडच्या जॉन एंटविसलला नेमकं उलट हवं होतं, पियानोसारखा खणखणीत खर्ज. मिळणाऱ्या तारा त्याला पटेनात. तेव्हा तो आपली गिटार घेऊन तारा बनवणाऱ्या रोटोसाउंड कंपनीच्या जेम्स हाऊकडे गेला, आणि त्या दोघांच्या खटपटीतून १९६६ मध्ये बेसच्या राउंडवाउंड तारा आल्या. वाद्य एकच, पण दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि दोघांनीही आपल्याला काय ऐकायचंय ते आधी ठरवलेलं होतं. तू अजून शोधतेयस. तेवीस वर्षांच्या मुलीने शोधत असावंच. पण करारात एक ओळ अशी आहे की स्टेजवर, रेकॉर्डिंगमध्ये आणि फोटोतसुद्धा वर्षभर फक्त त्यांच्याच तारा. म्हणजे शोध वर्षभर बंद. मागच्या गाण्यात तू माझ्या जुन्या गिटारवर फ्लॅटवाउंड वाजवल्यास ना? ही कंपनी बेसच्या फ्लॅटवाउंड बनवतच नाही. मग तसं गाणं परत करायचं झालं तर काय करशील, हे त्यांना विचार.

पैशांचा हिशोब मी केलाय, बँकेतली सवय. तुझा सेट ३,२०० चा. दहा आठवड्यांनी एक धरला तर वर्षाला पाच, म्हणजे १६,०००. ते ४० टक्के सवलत देतात, म्हणजे ६,४०० वाचले. त्याबदल्यात महिन्याला दोन, वर्षाला २४ व्हिडिओ. एका व्हिडिओमागे २६७ रुपये पडले. तुझा एक व्हिडिओ करायला संध्याकाळ जाते, हे मी दिवाळीत बघितलंय. शिवाय सवलत छापील किमतीवर की दुकानातल्या, ते कुठेच लिहिलेलं नाही. छापील किमतीपेक्षा कमी तर दुकानदारही घेतो. कुरिअरचा खर्च कुणाचा, तेही नाही. टीडीएसची काळजी करू नकोस. २०२२ च्या जुलैपासून अशा वस्तू-लाभांवर १० टक्के टीडीएस कापायचा नियम आहे, पण तो वर्षाला २०,००० च्या वर गेल्यावर. मात्र व्हिडिओवर 'ही जाहिरात आहे' असं स्पष्ट लिहायचं. जाहिरातदारांच्या एएससीआय परिषदेचा २०२१ पासून तसा नियम आहे आणि नुसती सवलत मिळत असली तरी तो लागू होतो. करारात याबद्दल अवाक्षर नाही. ते नसलं तरी तू लिही.

पण पैसे हा माझा मुद्दाच नाही. मला जे खरं सांगायचंय ते आजवर तुला सांगितलेलं नाही.

१९९३ साली इथल्या एका दुकानदाराने मला तारा निम्म्या किमतीत द्यायला सुरुवात केली. नवीन माल होता, कुठूनतरी आणलेला. त्याने दुकानात माझा फोटो लावला आणि म्हणाला, तुमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना आमच्याकडे पाठवा. मी हो म्हणालो. तेव्हा तीन मुलं माझ्याकडे बेस शिकत होती. त्यांतला एक इचलकरंजीहून यायचा, वडील यंत्रमागावर कामाला. त्याने विचारलं, सर, कुठल्या तारा घेऊ? मी दुकानाचं नाव सांगितलं. मी स्वतः तेव्हा त्या तारा लावलेल्या नव्हत्या, जुना सेट चालू होता. मुलाने पैसे साठवून सेट घेतला. पुढचे दोन महिने त्याचा सूर लागेना. मोकळी तार बरोबर, पण बाराव्या फ्रेटवर दाबली की सूर चढायचा. मी त्याला सांगत राहिलो, बोट जोरात दाबू नको, कान दे. तो मान खाली घालून परत वाजवायचा. एक दिवस त्याची गिटार मी हातात घेतली. बाराव्या फ्रेटवर आधी नुसता स्पर्श करून सूर काढला, मग दाबून काढला. दोन्ही एक यायला हवेत, आले नाहीत. घोडी मागे-पुढे करून बघितली, तरी नाही. तार खिडकीकडे धरून छेडली तेव्हा दिसलं, ती सरळ कापत नव्हती, वेडीवाकडी नाचत होती. वेढे सगळीकडे सारखे बसलेलेच नव्हते. हात त्याचा बरोबर होता, तार चुकीची होती. पुढच्या रविवारी मी त्याला माझा चांगला सेट द्यायला थांबलो होतो. तो आला नाही. नंतर कळलं, गिटार विकली. तो मुलगा दोन महिने स्वतःच्या कानाला दोष देत होता, सई, माझ्या शब्दावर. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. दुकानातला फोटो मी त्याच आठवड्यात काढून आणला.

तुझ्या व्हिडिओखाली मुली विचारतात, ताई, कुठल्या तारा लावता? मी वाचतो ते सगळं. धुळ्याची, रत्नागिरीची, बेळगावची पोरं असतात. कंपनीला तुझं उत्तर हवंय, २४ व्हिडिओ त्यासाठीच आहेत. त्या पोरांना ३,२०० रुपये म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

म्हणून असं कर. आधी त्यांच्याकडून दोन सेट मागून घे आणि दोन महिने वापर. देत नसतील तर मी पैसे पाठवतो, विकत घे. तार बसवताना खुंटीपाशी आधी काटकोनात वाकव, मगच काप, नाहीतर वेढे आतून सैल होतात. दोन-तीन वेढे पुरेत. त्यांचा सेट तुझ्या सेटपेक्षा जाड आहे, जाडी वाढली की ताण वाढतो. आत्ताच एकेका तारेवर अठरा-वीस किलोचा ताण आहे. दांडी पुढे वाकेल, आतला रॉड थोडा फिरवावा लागेल. ते स्वतः करू नकोस, मागच्या वेळच्या त्या कारागिराकडे ने. मग पाचवी तार नीट तपास. 'बी' सगळ्यात दगाबाज. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी ३४ इंच असलेल्या गिटारवर ती ढिली पडते, सूर उमटायच्या आधीच लोळते. ज्या कंपनीची 'बी' चांगली, तिच्या बाकीच्या चार तारा सहसा चांगल्याच असतात, असा माझा अनुभव आहे.

तारा आवडल्या तर खुशाल सही कर, मी पहिला पेढा वाटीन. सही करण्याआधी तीन गोष्टी बदलून माग. रेकॉर्डिंगला, ते बनवत नाहीत अशा तारा लावायची मोकळीक हवी. तुझा फोटो आणि नाव 'कायमस्वरूपी' वापरायचा हक्क देऊ नकोस, करार संपला की तोही संपला पाहिजे. आणि करार आपोआप पुढे चालू राहील, नको असेल तर साठ दिवस आधी लेखी कळवा, ही ओळ काढायला सांग. तू विसरशील, मीही विसरेन. नम्रपणे लिही, पण लिही. कंपनीतल्या माणसांना अशा पत्रांची सवय असते. एवढ्यावरून ते रागावले, तर पुढचं वर्ष त्यांच्याबरोबर कसं गेलं असतं ते आत्ताच कळेल. नाही आवडल्या तर आभार मानून सोडून दे. मोहिनी डे मुंबईच्या घरात लहानपणी बेस हातात घेऊन बसली आणि पुढे जगभर वाजवत फिरली. तुझ्यापुढेही खूप वर्षं आहेत, अशा विचारणा पुन्हा येतील.

एक काम माझ्यासाठी कर. तुझ्या नेहमीच्या तारा, त्यांचा स्टेनलेस सेट आणि आणखी एखादा निकेलचा, अशा तिन्हींवर तेच गाणं, त्याच ॲम्पवर, तालमीत सगळ्यांबरोबर वाजव. पहिल्या दिवशी एकदा आणि महिन्याने एकदा. फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव. कुठली तार कुणाची ते लिहू नकोस, नुसते एक, दोन, तीन आकडे टाक. मी हेडफोन लावून ऐकेन आणि माझं मत कळवीन. तुझं मत आधीच एका कागदावर लिहून ठेव, म्हणजे माझ्यामुळे ते बदलायला नको.

आई विचारतेय, गणपतीला किती दिवस येणार. जुनी गिटार पुसून ठेवलीय.

तुझे
बाबा