बाबांचे ताट आणि बाबांची गोळी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांच्या मधुमेहाचा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा पावसापाण्याचे बोलू लागतात, म्हणून सगळे लिहूनच कळवते आहे. बाबांच्या जेवणातला भात, पोळी, भाकरी आणि गूळ कमी करायचे मी डॉक्टरांशी सविस्तर बोलून ठरवले आहे आणि येत्या सोमवारपासून ते सुरू होईल. आधी विचारले नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. विचारले असते तर 'दिवाळीनंतर बघू' असे तुम्ही म्हणाला असता, आणि ताईआत्याच्या पायाचे जे झाले ते पाहिल्यावर दिवाळीपर्यंत थांबण्याचा धीर मला नाही.

आई, तुझ्या हातच्या स्वयंपाकाला कोणी नावे ठेवलेली नाहीत. गव्हाऐवजी ज्वारी आणि साखरेऐवजी गूळ हा बदल तू बाबांसाठी किती मनापासून केलास, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठातही जवळजवळ ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, साबुदाणा तर जवळपास सगळा पिष्टच, आणि आपल्याकडचे बेदाणे म्हणजे द्राक्षांची आटलेली साखर. रात्री चार भाकऱ्या झाल्या, की कोणत्या धान्याच्या हा प्रश्न फारसा उरत नाही.

बाबा, तुमच्या शरीरात इन्सुलिन तयार होते, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. मेटफॉर्मिनची गोळी यकृतातून रक्तात उतरणारी साखर कमी करते आणि इन्सुलिनला मिळणारी दाद वाढवते. २०१९ च्या पुरात तुम्ही सांगत होतात, की कोयना धरणाचा विसर्ग कमी झाला आणि पुढे अलमट्टी धरणातूनही पाणी सोडले, तरच सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी उतरते. इथेही ताटातून येणारी साखर कमी व्हायला हवी आणि आलेल्या साखरेला वाटही मिळायला हवी. नुसती गोळी वाढवत गेलो आणि ताट तसेच राहिले, तर गोळीने किती करावे?

मला खरी काळजी आहे ती दुसऱ्या गोळीची, ग्लिमेपिराइडची. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा साखर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र नेते, कारण जेवण कमी झाले तरी ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतच राहते. मिरजेत बाबांची साखर उतरली त्या रात्रीबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही. म्हणूनच डॉक्टरांनी सोमवारपासून ग्लिमेपिराइड निम्मे केले आहे. नवी चिठ्ठी हातात येईपर्यंत भाकरी कमी करू नका, आणि भाकरी कमी केल्यावर जुन्या चिठ्ठीप्रमाणे गोळी घेऊ नका. एकादशीला काय करायचे तेही डॉक्टरांनाच विचारायचे आहे. गोळी घेऊन उपाशी राहायचे नाही, हे आईने देवालाही सांगून ठेवावे.

मेटफॉर्मिनची मोठी गोळी बाबा अडकित्त्याने फोडून घेतात, ते आजपासून बंद. ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली आहे. फोडली की तिचे काम बिघडते. जेवणासोबत अख्खी गिळावी. उलट्या किंवा जुलाब लागले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. नानामामांची गोळी आपल्याला का नाही, असे बाबा विचारत होते. ते पायोग्लिटाझोन आहे. तेही इन्सुलिनला दाद वाढवणारेच, पण त्याने अंगात पाणी साठू शकते, आणि बाबांचे पाय आधीच संध्याकाळी सुजतात. तळपायाला मुंग्या येतात त्यासाठी ब-१२ तपासायला सांगितले आहे, कारण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने ते कमी होऊ शकते.

ताट रिकामे राहणार नाही, याची खात्री बाळगा. एक भाकरी राहील, तीही तव्यावरून थेट ताटात. तिच्यासोबत मेथी, दोडका, भरले वांगे, मटकीची वाटीभर उसळ, घरचे दही, शेंगदाण्याची चटणी, आणि रविवारी अंडी. मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहूनच डॉक्टरांनी हे ठरवले आहे. भडंगाचा डबा मात्र माझ्या भाच्यांसाठी वरच्या फळीवर ठेवावा. बाबा, मला कावीळ झाली होती तेव्हा तुम्ही उसाचा रस गाळून चमच्याचमच्याने पाजत होतात आणि माझे तोंड कडू झाले की स्वतः तोंड वाकडे करीत होतात. तुम्हाला गोड नको म्हणताना मला तेच आठवते, आणि लिहिताना हात अडखळतो.

तरीही ऐका. घाम फुटला, हात थरथरले किंवा बोलणे असंबद्ध वाटले तर लगेच साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. त्या वेळी पथ्याचा विचार मनातही आणू नये. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा. यंत्र आणि पट्ट्या कुरिअरने पाठवल्या आहेत. पहिले दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपण्यापूर्वी आकडा घ्यावा. आकडे आईने कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहावेत, बाबांनी नव्हे. ते वीस कमी करून लिहितात.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी तीन महिने झाल्यावरच करायची आहे, तेव्हा आठ दिवसांत फरक नाही म्हणून कोणीही भाताचा कुकर लावू नये. आमराईतले फिरणे चालू ठेवा, पण खिशात खडीसाखर असू द्या. मी शनिवारी रात्रीच्या गाडीने येते आहे. सोमवारचा पहिला स्वयंपाक आई आणि मी मिळून करू.

तुमची,
छकुली