सांताक्रूझहून सांता क्रूझला

नाशिक, रविवार दुपार

प्रिय शैला,

काल फोनवर म्हणालीस, "आधी आकडा सांग, मग बोलू." फोनवर आकडा सांगितला की तू "अगं बाई!" म्हणतेस आणि विषय नातवावर जातो, म्हणून हे पत्र. इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवर आपण दोघींनी जायचं, त्याचा हिशेब नीट मांडते.

आधी बोटीचं. जाहिरातीत दिसते ती क्रूझ आपल्याला नको. रात्रभर बोट चालते, सकाळी उठलं की नवं बेट, हे सगळं खरं. पण मध्यम दर्जाच्या बोटीलाही आठ दिवसांचे माणशी 3,000 ते 4,000 डॉलर पडतात. आपण गावांत राहायचं, रोज सकाळी लहान बोटीने एखाद्या बेटावर जायचं नि संध्याकाळी परत. फर्नांडिना आणि हेनोवेसा ही लांबची बेटं त्यात हुकतील. हुकू देत. वस्तीची बेटं चार, त्यातली तीन करू: सान क्रिस्तोबाल, इसाबेला आणि सांता क्रूझ. हसू नकोस! आयुष्यभर सांताक्रूझ पूर्वेला राहिलीस, आता पॅसिफिकमधलं बघ.

आता आकडे. डॉलर 90 रुपयांचा धरलाय. मुंबई ते कीतो, म्हणजे इक्वेडोरची राजधानी, जाऊन-येऊन दीड लाख. मार्ग युरोपातूनच, कारण अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. इक्वेडोरचा व्हिसा मी बघते. कीतोहून बेटं, जाऊन-येऊन 450 डॉलर. नॅशनल पार्कची फी 200 डॉलर; ऑगस्ट 2024 पर्यंत ती 100 होती, म्हणजे आपल्याला उशीर नडला. ही रोख द्यायची. वर 20 डॉलरचं प्रवासकार्ड, आणि इसाबेलाच्या धक्क्यावर आणखी 10. एका बेटावरून दुसऱ्यावर तीन फेऱ्या, 105. दिवसाच्या चार सहली, 720. खोली दोघींत, दहा रात्रींचे तुझे 300, जेवणाचे 300, कीतोतले तीन दिवस 150. झाले 2,255 डॉलर, म्हणजे दोन लाख तीन हजारांच्या आसपास. विमान धरून साडेतीन. विमा, लस, व्हिसा आणि माझा नेहमीचा 'काहीतरी निघतंच' मिळून चार लाख.

आता म्हण.

पुढच्या नव्हे, त्यापुढच्या मे महिन्यात जायचं. आजपासून महिना 15,000 ची आरडी लावलीस तर वीस महिन्यांत तीन लाख आणि वर व्याज. उरलेल्याला तुझी ती एफडी मोड, नाहीतरी ती कुणासाठी आहे ते तुलाही माहीत नाही. कुठल्याही एजंटाला एकरकमी पैसे द्यायचे नाहीत. अंदमानच्या वेळी आपण दिले होते, आणि 'समुद्राकाठची खोली' म्हणजे काठावरच्या गोदामामागची खोली निघाली, आठवतं ना?

मे का, तेही सांगते. जूननंतर थंड प्रवाहाचा जोर वाढतो, पाणी गार होतं, समुद्र खवळतो. मे महिन्यात पाणी ऊबदार असतं, आणि एस्पान्योला बेटावर अल्बाट्रॉस, ते मोठ्या पंखांचे समुद्रपक्षी, परतलेले असतात. जगातले जवळजवळ सगळे वेव्ह्ड अल्बाट्रॉस त्या एकाच बेटावर अंडी घालतात, सान क्रिस्तोबालहून एका दिवसात जाऊन येता येतं. चार सहलींतली एक तीच, त्यात तडजोड नाही. नॉर्थ सेमोर बेटावर निळ्या पायांचे बूबी पक्षी. नर एकेक निळा पाय उचलून मादीला दाखवत नाचतो. नांदूरमध्यमेश्वरला पहाटे थंडीत बसून आपण लांबचा ठिपका कोणता बदक असेल यावर भांडायचो, तिथे पक्षी पायाशी बसतो आणि दोन मीटर लांब राहायचा नियम आपल्यालाच पाळावा लागतो. शिवाय कितीतरी गोष्टी फुकट: सान क्रिस्तोबालच्या बाकांवर सी लायन झोपतात, सांता क्रूझवरच्या पोर्तो आयोरा गावच्या मासळीबाजारात ते आणि पेलिकन कोळिणीच्या मागे उभे राहून तुकड्याची वाट बघतात. आपल्या ससून डॉकवरच्या मांजरांसारखेच.

बेटांमधल्या स्पीडबोटी दोन तास आपटत जातात. एसटीत मागच्या सीटवरचा उडतो, इथे उलट, पुढचा उडतो. आपण मागे बसायचं, उलटीची गोळी आधी घ्यायची.

खाण्याची काळजी सोड. मेनेस्त्रा म्हणजे उसळच, भात असतोच, आणि कच्च्या केळ्याचे तळलेले पाताकोनेस तू मागून घेशील. पण सामान तपासतात. फळं, बिया, ताजं काही नेता येत नाही. बाहेरची कीड नि तण बेटांवर नको म्हणून. भाजणी घेऊ नकोस, ते पीठ कशाचं हे स्पॅनिशमध्ये मी सांगू शकणार नाही.

एक गोष्ट मात्र ह्याच वर्षी करायची: पिवळ्या तापाची लस. बेटांवर तो ताप नाही, पण इक्वेडोरहून परतताना लसीचं कार्ड नसेल तर आपलंच सरकार विमानतळावरून थेट विलगीकरणात नेऊ शकतं. कार्ड आता आयुष्यभर चालतं. साठीनंतर मात्र ही लस द्यायला डॉक्टर बिचकतात आणि तू अठ्ठावन्नची आहेस. तुझी ॲलर्जी सांगून आधी डॉक्टरांना विचार.

पासपोर्टची मुदत बघून कळव. तुझ्या नवऱ्याला इतक्यात सांगू नकोस, तो एक्सेल उघडेल.

आणि आंब्यांचं म्हणशील तर पहिली पेटी एप्रिलमध्येच तुझ्याकडे पोहोचेल. उरलेला सीझन त्या वर्षी बुडाला समज.

तुझी,
अलका