आईच्या खोलीचा रंग

सांगली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पाच महिने तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, याची मनाला टोचणी आहे. आईच्या दुसऱ्या डोळ्याचेही मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, ती बरी आहे. माझा गुडघा होता तसाच आहे. आज लिहितो आहे ते माजघरालगतच्या खोलीविषयी, कारण तू तिथे तीन वर्षे राहिलास.

रंगकाम निघाले आहे आणि हस्तिदंती व फिकट राखाडी असे दोनच रंग उरले आहेत. खिडकी उत्तरेची, त्यामुळे थेट ऊन जवळजवळ नाहीच आणि उजेड दिवसभर निळसर. खाली शहाबादी फरशी. अशा खोलीत राखाडी रंग थंड दिसतो, म्हणून मी हस्तिदंतीच धरून चाललो होतो. तरीही पुट्टी आणि प्रायमर झाल्यावर दोन्ही रंगांचे दोन-दोन फुटांचे चौकोन, दोन हात देऊन, खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या भिंतीवर काढून घेतले. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या रंगछटेचे माप) पांढऱ्या ट्यूबखाली हस्तिदंतीचा पिवळेपणा जवळपास नाहीसा होतो, तर २७०० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली राखाडीसुद्धा उबदार वाटतो. दिवा बदलला की माझे मत बदलते.

काल आई आली, राखाडी चौकोनावर हात ठेवून म्हणाली, "ही निळी छान आहे. त्याने चुन्यात नीळ जास्त टाकली होती ना, अगदी तशी."

मित्रा, त्या निळीवरून मी तुझ्याशी दिवाळीचे चार दिवस बोललो नव्हतो! सफेदीचा पिवळेपणा मारायला चिमूटभर पुरते, तू खोली बिघडवलीस, असे मी ओरडलो होतो. आईला ती भिंत आवडली होती, हे मला काल कळले. मोतीबिंदूचे पिवळट भिंग निळा प्रकाश अडवते. ते निघाल्यामुळे तिला जे निळे दिसते ते मला राखाडीच दिसते. खोली तिची आहे, तेव्हा माझ्या डोळ्यांनी रंग ठरवणे मला योग्य वाटत नाही. पण पुढे तिची नजर या उजेडाला सरावली आणि निळाई ओसरली, तर तिच्या वाट्याला नुसती थंड भिंत राहील, ही धास्ती आहे.

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

रंगारी सोमवारी येतो. त्याआधी फोन कर, आणि त्या बादलीत नीळ किती टाकली होतीस, ते आठवून सांग.

तुझा,
मित्र