अग्निशमन केंद्र वस्तीत हवेच, पण आधी नकाशा दाखवा

मा. संपादक,

वस्तीतल्या आरक्षित भूखंडावर अग्निशमन केंद्र होणार म्हटले की शेजारच्या सोसायट्यांचा हरकतीचा अर्ज ठरलेला. रात्रीचे सायरन, धूर, गाड्यांची ये-जा. मग दर्शनी भागाला दगडी लादी आणि पुढे चार कुंड्या दाखवून समजूत काढली जाते. हरकत रास्त आहे, उत्तर चुकीचे आहे. केंद्राचा त्रास दर्शनी भागामुळे होत नाही, तळमजल्याच्या नकाशामुळे होतो.

सायरनपेक्षा जास्त जागवतो तो परत आलेला बंब. वर्दीवरून रात्री दोनला आलेली गाडी रस्त्यात आडवी होऊन उलटी शेडमध्ये शिरते. रिव्हर्स हॉर्न, शिट्टी आणि ‘येऊ दे, येऊ दे’ची हाक. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. उपाय सोपा: गाडीने मागून आत यावे, पुढून बाहेर पडावे. भूखंडाला एकच रस्ता असेल तर इमारतीला वळसा घालणारी वाट लागते आणि कोपऱ्यांवर ९ मीटर वळणत्रिज्या. कागदावर ही वाट असते. पुढे तिच्यावर जनरेटर बसतो, मग कर्मचाऱ्यांच्या मोटारी.

धुराचे कारण एअर ब्रेकमध्ये आहे. उभ्या गाडीच्या टाकीतली हवा हळूहळू झिरपते आणि दाब नसेल तर ब्रेक सुटत नाहीत. म्हणून चालक इंजिन सुरू ठेवून दाब भरतो. शेडमधल्या प्रत्येक जागेवर छतावरून दाबाच्या हवेची नळी आणि बॅटरी चार्जिंगची जोडणी द्यावी, गाडी निघताच आपोआप सुटणारी. एक्झॉस्टला लावायचा नळ छतापर्यंत न्यावा. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे, आणि तो सर्वांत आधी वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या जवानांच्या खोलीत जातो. शेडच्या दारांच्या बरोबर वर खिडक्या ठेवू नयेत.

रोलिंग शटर निविदेत स्वस्त दिसते. पण ते सावकाश उघडते, वीज गेली की साखळी ओढावी लागते आणि घाईत अर्धवट उघडलेल्या शटरला गाडीवरची शिडी लागली तर शटर वाकून गाडी आतच अडकते. बाजूला दुमडणारी दारे हातानेही पटकन उघडतात आणि पूर्ण उघडली की नाही, हे चालकाला समोर दिसते. गाडी अडीच मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना सव्वा मीटर सोडून प्रत्येक जागा ५ मीटर धरावी, नाहीतर केबिनचे दार उघडून चढताना जवान भिंतीशी चेंगरतो.

होज, म्हणजे पाणी मारायचे पाइप, टांगून वाळवायच्या मनोऱ्याबद्दल शेजाऱ्यांची भीती बरीचशी जुन्या कॅनव्हास होजमुळे आहे. १५ मीटरची होज दुमडून टांगली तर ९ मीटर उंची पुरते. कृत्रिम धाग्याची होज तर आडव्या रॅकवरही वाळते. सरावाचा मनोरा मात्र उंच लागतो. तो भूखंडाच्या मध्यावर घ्यावा आणि घरांकडची भिंत बंद ठेवावी. पंपाची चाचणी भूमिगत टाकीतून पाणी ओढून त्याच टाकीत सोडत, दिवसाच घ्यावी. सरावाचा फोम पावसाळी गटारात जाता कामा नये.

शेडपुढे १२ ते १५ मीटर मोकळे अंगण हवे, काँक्रीटचे. पेव्हर ब्लॉक वळत्या चाकांखाली वर्षभरात खचतात. रहिवाशांनी फाटकासमोर गतिरोधक मागू नये. ४,५०० लिटर पाणी म्हणजे गाडीवर साडेचार टन भार, तो प्रत्येक वेळी उचलून आदळतो. त्याऐवजी केंद्रातून चालणारा सिग्नल मागावा. रस्ता आधीच थांबलेला असेल तर फाटकात सायरन वाजवायचे कारणच उरत नाही.

आणि वरच्या मजल्यावर सभागृह किंवा विरंगुळा केंद्र नको. तिथे येणाऱ्यांच्या दुचाकी अंगणातच लागतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. वर जवानांची निवासस्थानेच असावीत. निवासस्थानांची बाजू सोसायट्यांकडे ठेवली तर शेडचा आवाजही अडतो.

निविदा काढण्यापूर्वी महापालिकेने तळमजल्याचा नकाशा, गाडीच्या चाकांचा मार्ग रेखून, प्रभाग कार्यालयात महिनाभर लावावा. हरकती त्यावर मागवाव्यात.

— अग्निशमन सेवेतील निवृत्त अधिकारी व वास्तुरचनाकार, पुणे